बहरामपूर, २६ फेब्रुवारी १८५७ : न घेतलेल्या टोप्यांचे प्रकरण

काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली होती, ती दातांनी तोडावी लागत, म्हणून १८५७ चा उठाव पेटला, ही ओळ आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेली असते. ती खोटी नाही. पण तिच्यामुळे एक अवघड गोष्ट झाकली जाते. काडतुसांच्या प्रश्नावरून जी पहिली अख्खी पलटण अडली, तिच्यापुढे आलेल्या काडतुसांना चरबी नव्हतीच. त्यांत गोळीही नव्हती. ती सरावाची, नुसत्या दारूची, जुन्या बंदुकांसाठी बांधलेली काडतुसे होती, आणि ज्या नव्या एनफील्ड रायफलीवरून गदारोळ चालला होता ती त्या पलटणीला मिळालेलीही नव्हती. मग त्या रात्री नेमके काय बिघडले, याचा उलगडा करायचा तर धर्म आणि अफवा यांच्या चर्चेआधी ठासणीची बंदूक हातात घेऊन ती भरायची कशी, हे पाहावे लागते.

स्थळाविषयी प्रथम एक खुलासा करतो, कारण नावांचा घोटाळा हमखास होतो. हे बहरामपूर मुर्शिदाबादजवळचे, भागीरथीच्या काठावरचे, कलकत्त्याच्या उत्तरेस शंभराहून अधिक मैलांवर असलेले. मंगल पांडे ज्या छावणीत होता ते बराकपूर वेगळे, आणि ओडिशातले बहरामपूर तर आणखी वेगळे. बहरामपूरच्या छावणीत तेव्हा बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीची १९ वी पलटण, अकराव्या इर्रेग्युलर घोडदळाची तुकडी आणि दोन तोफा एवढेच बळ होते. जवळपास गोरी पलटण नव्हती. १९ व्या पलटणीचा प्रमुख होता लेफ्टनंट कर्नल मिचेल.

आता बंदुकीकडे वळू. १९ व्या पलटणीजवळ होती ती गुळगुळीत नळीची, टोपीवर चालणारी ठासणीची बंदूक. तिच्या नळीचे तोंड पाऊण इंचाच्या आसपास रुंद असे. तोड्याच्या बंदुकीत जळती वात आणि गारेच्या बंदुकीत चकमक जे काम करी, ते इथे तांब्याची एक इवलीशी टोपी करते. टोपीच्या आत पाऱ्यापासून केलेल्या स्फोटकाचा पातळ थर असतो. नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ खुंटीवर ती बसवायची, घोडा ओढायचा आणि चाप दाबायचा. घोडा टोपीवर आदळला की ठिणगी खुंटीच्या छिद्रातून आत जाते आणि बार उडतो. शिपायाच्या अंगावरचा सरंजामही यातूनच ठरलेला होता : काडतुसांसाठी कातडी तोसदान, टोप्यांसाठी वेगळी लहान पिशवी, नळीखाली अडकवलेला लोखंडी गज आणि कमरेला संगीन.

काडतूस म्हणजे कागदाची पुरचुंडी. तीत एका बाराची मोजलेली दारू असते आणि लढाईचे काडतूस असेल तर एक गोळी. बंदूक उभी धरून शिपाई डाव्या हाताने नळी सावरतो, उजव्या हाताने तोसदानातून काडतूस काढतो, त्याची पिळलेली शेपटी दातांत धरून तोडतो, दारू नळीत ओततो, उरलेला कागद गोळीसकट तोंडाशी बसवतो आणि गज काढून ठासतो. मग टोपी चढवायची. कवायतीत मुरलेला शिपाई मिनिटाला दोन ते तीन बार काढी. या सगळ्यात दात येतात ते हौस म्हणून नव्हे. एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात काडतूस असल्यावर तिसरा हात उरत नाही, म्हणून येतात.

हे मला पुस्तकात वाचून पटले नव्हते. कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक अजून काही घरांत आहे. काही वर्षांपूर्वी एका काकांना ती भरताना मी अगदी जवळून पाहिले. माकडे आणि डुकरे बागेत शिरतात, तेवढ्यापुरताच तिचा उपयोग. त्यांच्याकडे काडतूस वगैरे काही नव्हते. दारू मापून घातली, चिंधीचा बोळा ठासला, छर्रे घातले, पुन्हा बोळा ठासला. गज नळीतून वर उसळून हातात परत येऊ लागला तेव्हा ते म्हणाले, ‘बसला.’ शेवटी टोप्यांची पत्र्याची डबी उघडायची वेळ आली. डावा हात बंदुकीवर होता, आणि त्यांनी काही विचार न करता डबीचे झाकण दातांनी उचकटले. कवायतीच्या पुस्तकाने शिपायाला जे शिकवले ते शरीर आपण होऊनही शिकते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

नव्या रायफलीने या साध्या क्रियेत एक पदार्थ वाढवला. १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्डच्या नळीत तीन पीळदार खाचा होत्या आणि नळीचे माप होते ०.५७७ इंच. जुन्या बंदुकीत गोल गोळी नळीपेक्षा बरीच लहान ठेवत, म्हणून ती सैलपणे आत घसरे आणि शंभर यार्डांपलीकडे नेम म्हणजे नशीब असे. एनफील्डची लांबट गोळी नळीत बऱ्यापैकी घट्ट बसे आणि बाराच्या दाबाने बुडाशी फुलून खाचांत रुते. रायफलीवर नेमाच्या खुणा नऊशे यार्डांपर्यंत होत्या, त्या याच जोरावर. पण काळ्या दारूचा गाळ नळीत साचतो, आणि दहा-पंधरा बारांनंतर घट्ट गोळी खाली उतरेनाशी होते. त्यावर उपाय म्हणजे गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लावणे. विलायतेत त्यासाठी प्राण्यांची चरबी आणि मेण यांचे मिश्रण वापरत.

इथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे, कारण तो वादात क्वचितच येतो. एनफील्डच्या काडतुसात वंगण लागत असे गोळीच्या टोकाला. दातांनी तोडायची शेपटी दुसऱ्या, दारूच्या टोकाला होती. म्हणजे कागदोपत्री पाहता शिपायाच्या ओठांना लागणारा भाग कोरडा होता. पण तोसदानात काडतुसे एकमेकांना चिकटून असतात आणि हिंदुस्थानातला उन्हाळा कागदोपत्री नसतो. उष्णतेचा वंगणावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठीच १८५३ मध्ये वंगण लावलेली काडतुसे विलायतेहून इकडे पाठवली गेली आणि शिपायांच्या तोसदानांतून फिरवून १८५५ मध्ये परत नेली गेली. त्याच वेळी, डिसेंबर १८५३ मध्ये, बंगाल सैन्याचे अॅडज्युटंट-जनरल टकर यांनी लेखी इशारा दिला होता : हे वंगण जातीच्या आचाराला बाधक नाही अशी खात्री झाल्याखेरीज ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत, ती फक्त गोऱ्यांना द्यावीत. हा इशारा दप्तरात राहिला. तीन वर्षांनी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये, जवळच्या डमडमला नवी रायफल शिकवण्याची जी शाळा होती तिच्यासाठी, काडतुसे बांधायला घेतली तेव्हा चरबीच्या ठेकेदाराला कोणत्या जनावराची चरबी चालेल आणि कोणाची चालणार नाही, याची अटच घातलेली नव्हती. चरबी गाईची होती की नव्हती, हे तोफखाना खात्यालाही छातीठोकपणे सांगता आले नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला खरा दोष हा आहे. अफवेला ‘नाही’ असे उत्तर देण्याची सोय सरकारने स्वतःच्या हाताने घालवली होती.

जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या दारूगोळा कारखान्यातल्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितले. शिपायाने नकार दिला. खलाशी म्हणाला, लवकरच गाई-डुकराची चरबी तोंडात घालणार आहात, मग कसली जात घेऊन बसलात? ही हकीकत कॅप्टन राइट याने २२ जानेवारीला वर कळवली. त्यानंतर सरकार हलले, आणि हे नोंदवायला हवे की बऱ्यापैकी लवकर हलले. महिना संपण्याच्या आत हुकूम निघाले की काडतुसे वंगणाशिवाय द्यावीत आणि वंगण शिपायांनी आपल्या पसंतीचे, मेण-तेलाचे, स्वतः लावावे. पण संशय आता चरबीवरून कागदावर सरकला होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बराकपूरला चौकशी बसली तेव्हा शिपायांनी सांगितले की नवा कागद कापडासारखा चिवट आहे, त्याला चकाकी आहे, आणि जाळून पाहिला तर फुसफुस आवाज होऊन चरबीसारखा वास येतो. सरकारी रसायनपरीक्षकाने कागद तपासून त्यात स्निग्ध पदार्थ नसल्याचा निर्वाळा दिला. त्याचा उपयोग झाला नाही. ज्याने आपल्या हाताने कागद जाळून पाहिला आहे त्याला कलकत्त्याहून आलेल्या दाखल्याचे काय मोल?

बहरामपूरला ही वार्ता फेब्रुवारीत पोचली. एका ब्राह्मण पे-हवालदाराने, म्हणजे कंपनीच्या पगाराचा हिशेब ठेवणाऱ्या देशी हवालदाराने, कर्नल मिचेलला सरळ विचारले की नव्या काडतुसांत गाई-डुकराची चरबी आहे असे सगळीकडे बोलतात, ते काय आहे? मिचेलने देशी अंमलदारांना बोलावून समजावले की नव्या रायफली येतील तेव्हा वंगण प्रत्येक कंपनीच्या पे-हवालदाराच्या देखरेखीखाली तयार होईल. प्रश्न शांतपणे विचारला गेला आणि उत्तरही शांतपणे दिले गेले. पलटण काही दिवस निवांत राहिली. पुढच्या घटना वाचताना हा प्रसंग लक्षात ठेवावा लागतो, कारण माणसे तीच होती आणि कर्नलही तोच होता.

महिन्याच्या उत्तरार्धात बराकपूरहून ३४ व्या पलटणीच्या दोन लहान तुकड्या बहरामपूरला आल्या. अशा तुकड्या आल्या की त्यांना जेवू घालायचे आणि चार गोष्टी करायच्या, हा पलटणींचा रिवाज होता. बराकपूरच्या लाइनींत, म्हणजे शिपायांच्या वस्तीत, काय चालले आहे, हे त्या रात्रीच्या बोलण्यातून १९ व्या पलटणीला कळले.

२६ तारखेला हुकूम झाला : उद्या सकाळी कवायत, प्रत्येकी १५ कोरी, म्हणजे गोळी नसलेली, काडतुसे. कोठीतून काडतुसांचे पुडे आले, आणि शिपायांना दिसले की कागद दोन प्रकारचा आहे. त्यातला एक नेहमी मिळतो तसा नव्हता. मिचेलच्या म्हणण्याप्रमाणे ही काडतुसे वर्षभरापूर्वी, आधी तिथे असलेल्या ७ व्या पलटणीने बांधून ठेवलेली होती. हे खरे मानायला हरकत नाही. दोन वेळच्या खरेदीतला कागद एका पुड्यात येणे ही कोठीतली रोजची गोष्ट आहे. पण जो शिपाई दोन आठवडे फक्त ‘कागद बदलला आहे’ हेच ऐकत होता, त्याच्या हातात त्या संध्याकाळी खरोखरच बदललेला कागद पडला. अफवा ऐकून तो अडला असे म्हणण्यापेक्षा, पुरावा पाहून अडला असे म्हणणे मला अधिक न्याय्य वाटते, मग तो पुरावा कितीही फसवा असो.

संध्याकाळी सकाळच्या कवायतीसाठी टोप्या वाटायला काढल्या आणि शिपायांनी त्या घेण्यास नकार दिला.

टोपी म्हणजे तांब्याचा तुकडा. तिच्यात कागद नाही, चरबी नाही, ती तोंडात घालायची नाही. तरी नकार टोपीला का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर बंदुकीच्या रचनेतच आहे. आज रात्री टोपी घेतली तर उद्या सकाळी काडतूस घ्यावे लागेल आणि पंधरा वेळा दातांत धरावे लागेल. परेडवर, रांगेत, हुकूम सुटल्यावर नकार देणे म्हणजे उघड बंड. आदल्या संध्याकाळी टोपी न घेणे हा त्याहून सौम्य, माघार घेता येईल असा नकार होता. टोपीशिवाय ठासणीची बंदूक म्हणजे संगीन लावायचा दांडा. शिपायांनी बंदूक टाकली नाही, काडतूस फेकले नाही. साखळीतली सर्वांत लहान आणि सर्वांत निरुपद्रवी कडी तेवढी अडवली. शहाण्या अधिकाऱ्याने यातले आर्जव ओळखले असते.

मिचेलने ते ओळखले नाही. खबर मिळताच तो तडक लाइनींत गेला, देशी अंमलदारांना गार्डासमोर बोलावले आणि दरडावले की काडतुसे वर्षभरापूर्वीची आहेत, त्यांत भिण्यासारखे काही नाही, आणि घेतली नाहीत तर पलटणीला ब्रह्मदेशात किंवा चीनला पाठवीन, तिथे मराल. समुद्र ओलांडण्याची धमकी, तीही जातीच्या भयाने अडलेल्या माणसांना! शिपायांनी पुढे सरकारकडे जो अर्ज केला त्यात या क्षणाविषयी म्हटले आहे की कर्नलसाहेब इतक्या रागाने बोलले, त्यावरूनच आमची खात्री पटली की काडतुसांत काहीतरी आहे, नसते तर ते असे बोलले नसते. ज्याच्याजवळ वस्तू तपासण्याचे साधन नाही तो वस्तू देणाऱ्याचा चेहरा तपासतो. दोन आठवड्यांपूर्वी त्याच चेहऱ्याने त्यांची समजूत पटली होती.

रात्री दहा-अकराच्या सुमारास लाइनींतून आरडाओरडा आणि ढोल ऐकू आले. शिपायांनी हत्यारांच्या कोठ्या फोडल्या, बंदुका घेतल्या आणि भरल्या. त्या भरल्या हीच खरी तर विचार करण्याजोगी बाब आहे. काडतुसाशिवाय बंदूक भरत नाही. तेव्हा ज्या काडतुसांवर संशय नव्हता ती त्यांनी ठासली, असाच अर्थ निघतो. त्यांचे भांडण काडतूस या वस्तूशी नव्हते, आणि सरकारशीही अजून नव्हते. त्या संध्याकाळच्या पुड्याशी होते.

मिचेलने घोडदळ आणि दोन तोफा मागवल्या. अंधाऱ्या रात्री, मशालींच्या उजेडात, दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. मिचेलला पेचाची कल्पना आली असावी : घोडदळही देशी, तोफांवरचे लोकही देशी, आणि समोर भरलेल्या बंदुका. देशी अंमलदारांनी विनवले की शिपाई भ्यालेले आहेत, तोफा आणि घोडदळ मागे घ्या म्हणजे ते हत्यारे ठेवतील. थोडी घासाघीस झाली. आधी शस्त्रे ठेवा, हा हट्ट मिचेलने शेवटी सोडला, तोफा मागे नेल्या, आणि पलटण शांत झाली. एकही बार झाला नाही. सकाळी पलटण नेहमीसारखी कवायतीला उभी राहिली. चौकशीत पुढे मिचेलवर ठपका आला तो धमकीबद्दल आणि बंडखोरांशी सौदा केल्याबद्दलही. पहिला मला रास्त वाटतो. दुसरा नाही. त्या रात्री त्याने केलेली एकमेव योग्य गोष्ट म्हणजे तो सौदा.

शिपाई कातड्याचे पट्टे आणि कातड्याचे तोसदान अंगावर वागवत होते, मग कागदाचाच एवढा विटाळ का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. त्याचे उत्तर घराघरात आहे. पायातली वहाण कातड्याची चालते, ताटातला घास तसा चालत नाही. अंगाला लागणे आणि तोंडात जाणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. तरीही अंगावरच्या वस्तूनेही सैन्य पेटू शकते, याचा दाखला ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात होता : १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरला शिपाई उठले त्यामागे कातड्याचा तुरा असलेली नवी पगडी हे एक कारण होते. इथे तर प्रश्न थेट दातांचा होता, आणि तो दातांपुरता सुटणाराही होता. डमडमच्या शाळेचा प्रमुख मेजर बॉन्टीन याने सुचवले की काडतूस दातांऐवजी डाव्या हाताने फाडावे. मार्चमध्ये सरकारने ते मान्य केले. शिपायाची बोटे थोडी अधिक काळी झाली, एवढाच काय तो फरक. ही सूचना १८५३ च्या तोसदानांबरोबर निघाली असती तर टकरच्या इशाऱ्याला निम्मे उत्तर मिळाले असते. मार्च १८५७ मध्ये मात्र हाच बदल शिपायांना कबुलीसारखा दिसला : काही नव्हते तर कवायत का बदलली?

१९ व्या पलटणीला शिक्षा द्यायची तर गोरी फौज जवळ हवी, म्हणून रंगूनहून ८४ वी पलटण बोटीने आणवली आणि मगच १९ वीला बराकपूरकडे कूच करण्याचा हुकूम सुटला. ती वाटेत असताना, २९ मार्चला, ३४ व्या पलटणीच्या मंगल पांडेने बराकपूरच्या परेड मैदानावर बंदूक चालवली. १९ वी पलटण तेव्हाही शिस्तीत चालत राहिली. एनफील्डच्या काडतुसाला तिच्यातल्या कोणीही कधी दात लावला नव्हता.

३१ मार्च १८५७ च्या सकाळी बराकपूरला, तिथला वरिष्ठ सेनाधिकारी जनरल हिअरसी याच्यासमोर, गोऱ्या पलटणीच्या आणि तोफांच्या देखरेखीखाली, तिला विसर्जनाचा हुकूम वाचून दाखवला. शिपायांनी बंदुकांच्या तिकट्या उभ्या केल्या आणि आपले पट्टे काढून संगिनींवर अडकवले. मग त्यांना हत्यारांपासून दूर नेऊन पगार चुकता केला. गणवेश अंगावर राहू दिला, घरी जायचा खर्चही दिला, आणि निघताना त्यांनी हिअरसीच्या नावाने जयघोष केला.